डाव्यांचा अणुबॉम्बला विरोध नेमका कशासाठी?

चहाटपरी: १९९८ ला पोखरण झालं तेव्हा डाव्या पक्षांनी बॉम्ब बनवण्याला विरोध केला, २००८ ला अमेरिकेबरोबरच्या अणुकराराला पण विरोध, थेट मनमोहन सरकारचा पाठिंबाच काढला. यात काही सूत्र आहे का? चीनकडे १९६४ पासून बॉम्ब आहे त्यावर मात्र हे गप्प!

लालमाती: सूत्र आहे ना, दोन वेगळे मुद्दे आहेत. २००८ चा मुख्य आक्षेप परराष्ट्र धोरणावर होता, की या करारातून आपण अमेरिकेच्या दावणीला बांधले जाऊ, आयएईएमध्ये (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत) इराणविरुद्ध आपण मत दिलं होतं तेव्हापासूनच ती भीती होती. १९९८ चं म्हणाल तर मे मध्ये आपण स्फोट केले, त्याच महिन्यात पाकिस्तानने चगाईत केले आणि पुढच्याच वर्षी कारगिल झालं. बॉम्बने युद्ध थांबलं कुठे?

घाटवाट: कारगिल झालं पण आपण एलओसी ओलांडली नाही आणि ते पसरलं नाही, हे पण लिहा की.

लालमाती: मान्य, पण त्यात जगाचा दबाव पण होता, सगळं श्रेय बॉम्बला कसं द्यायचं?

कष्टकरी: मी डावाच आहे, तरी चीनबद्दलचा प्रश्न मला रास्त वाटतो. विरोध करायचा तर सगळ्यांच्याच बॉम्बला करा. २०१७ चा अण्वस्त्रबंदी करार २०२१ पासून लागू आहे, नऊपैकी एकाही अण्वस्त्रधारी देशाने सही केली नाही, त्यात चीनही आला आणि आपणही. आणि 'आधी वापर नाही' हे आपलं धोरण कुठल्याही सरकारने सोडू नये, त्यासाठी तरी सगळ्या पक्षांनी संसदेत बोलायला हवं, आत्ता कोणीच बोलत नाहीये