मदत हवी आहे : मत्स्य संपदा योजनेतून तळं, पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर

नमस्कार मंडळी. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनासाठी नवीन तळं खोदायचा विचार आहे. रोहू, कटला, मृगळ एकत्र वाढवायचे. प्रकल्प खर्चावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे, म्हणून अर्ज माझ्या नावाने करायचाय. पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर! त्यांची ना नाही, जमीन मला भाड्याने लिहून द्यायला तयार आहेत. मग नोंदणीकृत भाडेकरार चालतो का, आणि किती वर्षांचा लागतो? एक जण म्हणतो साधं संमतीपत्र पुरे, दुसरा म्हणतो फाईल परत येईल.

दुसरं म्हणजे, अनुदान काम झाल्यावर मिळणार, तोवर पैसा आपलाच. तळ्याच्या बांधकामासाठी बँकेने मुदत कर्ज दिलंय का कुणाला? किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालनालाही मिळतं, पण ते बोटुकली (तळ्यात सोडायची माशांची बोटभर पिल्लं) आणि खाद्यासारख्या चालू खर्चासाठी. खोदाई त्यात बसत नाही.

प्रकल्प अहवाल करून देणारे एजंट भरमसाट मागतात, त्यामुळे तो मीच लिहितेय. ज्यांची फाईल मंजूर झालीय, त्यांनी अहवालात पाण्याची सोय कशी दाखवली? आमच्याकडे विहीर आहे, पण उन्हाळ्यात पाणी तळाला जातं.