सल्ला हवा: सासऱ्यांच्या आजीचं लुईस बेटावरचं माहेर कसं शोधावं?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, लग्न होऊन ग्लासगोला आले त्याला चौदा वर्षं झाली, नवरा इथलाच. धागा काढतेय तो सासऱ्यांसाठी. ते एक्क्याऐंशीचे आहेत, तब्येत ठीक आहे पण गेल्या हिवाळ्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतलाय, त्यांच्या आईची आई. ती स्कॉटलंडच्या लुईस बेटाच्या पार उत्तर टोकाची, नेस भागातली, माहेरचं आडनाव मॉरिसन. लग्न करून ग्लासगोला आली आणि १९६१ साली इथेच गेली. सासऱ्यांना तिचे हात आठवतात. लग्नाआधी ती हेरिंग मासे साफ करायला जायची, बोटी जातील तिकडे या मुली जायच्या, वर शेटलंडच्या लर्विकपासून खाली इंग्लंडात यारमथपर्यंत. सुरीनं बोटं कापायची आणि वर मीठ, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधायच्या. तरी म्हातारपणी तिच्या बोटांवर बारीक पांढरे वण होतेच, आणि त्याच हातानं यांचे केस कुरवाळत ती गॅलिकमध्ये, म्हणजे बेटावरच्या भाषेत, काहीतरी पुटपुटायची, रोज तेच.

आता हातात काय आहे ते सांगते. १९१२ चा ग्लासगोतला लग्नाचा दाखला मिळाला, त्यात नाव सारा, आईबापांची नावं आहेत, पण नेसमध्ये त्याच नावाच्या नवराबायकोच्या तीन जोड्या निघाल्या आणि तिघांकडेही सारा नावाची मुलगीच नाही! नाताळात सासऱ्यांची डीएनए टेस्ट केली. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका बाईंशी २४१ सेंटीमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं माप) जुळतात असं आलं. त्यांचे आजोबा मॉरिसन, १९२३ ला मेटागामा जहाजानं लुईसहून गेले असं त्यांच्या घरात सांगतात. बाई फार चांगल्या आहेत, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत त्यांच्या कुणा नातेवाईकाने केलेला ट्री, म्हणजे वंशवृक्ष, पाठवला जो थेट सोळाशे सालात एका क्लॅनच्या (कुळाच्या) सरदारापर्यंत जातो. सासरे खूश झाले आणि मला पोटात गोळा आला, कारण यातलं खरं किती हे मला कळत नाही आणि त्यांना खोटी आशा लावायची नाहीये. आधी एकदा एका साइटला पैसे भरून आम्ही "क्लॅनचं प्रमाणपत्र" मागवलं होतं, आला तो छापील मुकुटाचा रंगीत कागद.

तर या ट्रीवर भरवसा ठेवू का, पुढे काय करू, आणि त्या बाईंना नेमकं काय विचारू?

रानजाई:
ताई, स्कॉटलंड्सपीपल ही सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदींची साइट वापरताय ना? तिथली सूची फुकट चाळता येते, मूळ पानाची प्रतिमा उघडायला साधारण दीड पौंड पडतो. सूची बघून अंदाज बांधत बसू नका, पान उघडा, सगळा माल पानावर असतो. आमच्या ह्यांच्या घराण्याचं मी असंच केलं, इंग्लंडची बाजू अडकली ती अडकलीच कारण तिकडे मृत्यूच्या जुन्या दाखल्यावर मयताच्या आईबापाचं नावच नसतं, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून असतं, तेही आईच्या माहेरच्या आडनावासकट.

पेठेतला:
सोळाशेचा ट्री बाजूला ठेवा. क्रॉफ्टर म्हणजे खंडानं तुकडाभर जमीन कसणारा माणूस, त्याची सलग वंशावळ चर्चच्या वहीशिवाय कुठून येणार, आणि नेस ज्या बार्वस पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) येतं तिथल्या वह्या १८१० च्या मागे जात नाहीत. मधली दोनशे वर्षं कुणीतरी मनानं भरलीत आणि बाकीच्यांनी कॉपी केलीय. आडनाव सरदाराचं म्हणजे रक्तही सरदाराचं असं नसतं, त्याच्या जमिनीवर राहणारे लोकही ते नाव लावायचे. आणि ते मुकुटवाले कागद: स्कॉटलंडच्या कायद्यात मानचिन्ह एका व्यक्तीचं असतं, अख्ख्या आडनावाचं नसतं, ते देण्याचा अधिकार एडिनबराच्या लॉर्ड लायन या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या कोर्टाला. पैसे गेले ते गेले, पण सासऱ्यांना स्पष्ट सांगा, त्या वयाच्या माणसाला खरं ऐकायला आवडतं.

जुनीपानं:
कोयनाकाठ ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी एडिनबरात असते, प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या जनरल रजिस्टर हाऊसमध्ये बरेच दिवस काढलेत. पंधरा पौंड भरले की तिथे दिवसभर हवी तितकी पानं बघता येतात, ज्यांना खूप नोंदी तपासायच्या असतात त्यांना घरून एकेक उघडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आधी सारा. सारा शोधू नका, मॅरियन शोधा. गॅलिकमध्ये मुलीचं नाव मोर किंवा लाडानं मोराग असायचं, इंग्रजी बोलणारा रजिस्ट्रार किंवा शाळामास्तर ते कधी मॅरियन लिहायचा कधी सारा, एकाच बाईचं जन्माला एक आणि लग्नाला दुसरं हे सर्रास आहे. पुरुषांचंही तेच, तोरमोदचा नॉर्मन होतो. ज्याला गॅलिक येत नाही त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात.

मग तीन जोड्यांचं कोडं. १८६१ पासून स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत आईबापाच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण लिहितात. तीन जोड्यांची नावं सारखी असतील, लग्नाची तारीख सारखी नसणार. मॅरियनची जन्मनोंद काढा, त्या ऑन्टारिओच्या आजोबांची काढा (दोन्ही शंभर वर्षांपलीकडच्या, म्हणजे ऑनलाइन उघडतात), लग्नाची तारीख जुळली तर सख्खी भावंडं, विषय संपला. १९६१ ची मृत्यूनोंदही बघा, त्यात तिच्या आईचं माहेरचं आडनाव येईल, पण ती माहिती मागे राहिलेल्यानं सांगितलेली असते, दुःखात माणूस चुकतो, तेव्हा जन्माच्या पानाला जास्त वजन द्या.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नेसमध्ये मॉरिसन इतके की आडनावानं कुणी कुणाला ओळखतच नव्हतं. माणूस ओळखायचा तो बापाच्या, आजाच्या नावानं, अमक्याची मुलगी, तो तमक्याचा, तो फलाण्याचा, त्याला स्लोनियग म्हणतात आणि घराघरांत ते पाठ असायचं. त्या बाईंना ट्री नका मागू, हे मागा. त्यांच्या आजोबांना गावात काय म्हणायचे, टोपणनाव काय होतं, क्रॉफ्टचा नंबर किती. लुईसमध्ये पत्ता म्हणजे नंबर आणि गाव, आणि नंबर मिळाला की हेब्रिडियन कनेक्शन्स म्हणून फुकट संग्रह आहे तिथे त्या घरातली माणसं सापडू शकतात. नेसची स्वतःची इतिहास मंडळी आहेत, कोमुन एख्द्री निश, १९७७ पासून काम करताहेत, त्यांना साधं पत्र लिहा.

टोरांटोवाली:
मेटागामा! आमच्याकडे त्या बोटीची माणसं अजून नावानिशी सांगतात. २१ एप्रिल १९२३, स्टॉर्नोवे बंदर, सुमारे तीनशे लोक, बहुतेक सगळे तरुण, चार वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीला आयोलेर बोट बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून युद्धावरून घरी येणारे दोनशे एक जण बुडाले होते, त्यानंतर ही. पण तुम्हाला सल्ला हा की घरच्या गोष्टीवर थांबू नका. १९१९ ते १९२४ मध्ये कॅनडात उतरणाऱ्या माणसाचा स्वतंत्र फॉर्म भरलेला असायचा, फॉर्म ३०ए, कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट बघता येतो. त्यात मायदेशातला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण ते नाव-पत्त्यासकट लिहिलंय. मी एकीचा शोधून दिला होता तर पत्त्यात आई आणि क्रॉफ्टचा नंबर दोन्ही आले. आडनावाच्या क्रमानं मायक्रोफिल्मची रिळं आहेत, मॉरिसन पुष्कळ, संध्याकाळ जाईल पण मिळेल. हवं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी शोधून देते.

भरतीओहोटी:
डीएनएबद्दल थोडं. २४१ म्हणजे साधारण सेकंड कझिन, त्या नात्याची सरासरी दोनशे तीसच्या आसपास येते, डीएनए पेंटर या साइटवर आकडा टाकून बघा कोणकोणतं नातं बसतं. पण बेटावर पिढ्यानपिढ्या सोयरिकी आजूबाजूच्या गावांतच व्हायच्या, त्यामुळे दोन माणसं तीन-चार वाटांनी नातेवाईक असतात आणि आकडा फुगतो. म्हणून एकूण बेरीज बघू नका, जुळणाऱ्या डीएनएचा सगळ्यात लांब तुकडा किती ते बघा, आणि दोघांना सामाईक जुळणारे कोण ते बघा. इंग्रजीत सगळे सेकंड कझिनच, आपल्याकडे नीट सांगता येतं: तुमचा अंदाज बरोबर असेल तर त्या बाई सासऱ्यांच्या आईच्या मामाची नात.

आणि इतर मॅचना, म्हणजे डीएनए जुळलेल्या माणसांना, लिहिताना छोटं लिहा. आडनाव, गाव, साल, आणि एकच प्रश्न. मी पहिल्यांदा प्रत्येकाला दोन पानी पत्र पाठवायचो, कुणी उत्तर द्यायचं नाही. हयात माणसांची नावं-तारखा सार्वजनिक ट्रीमध्ये टाकू नका. उत्तर नाही आलं तर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा, बास.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं नव्हतं इतकं कुणी लिहील. "आईच्या मामाची नात" हे मी सासऱ्यांना इंग्रजीत समजावून सांगताना तीन वाक्यं लागली, मग ते म्हणाले तुमचा शब्दच बरा आहे. टोरांटोवाली, व्यनि केलाय. सरदार प्रकरण त्यांना सांगितलं, वाईट वाटलं त्यांना थोडं, मग म्हणाले मला सरदार नको होता, मला आजी हवी होती.

कोयनाकाठ:
तीन आठवड्यांनी लिहितेय. मॅरियन सापडली! जुनीपानं, तुम्ही म्हणालात तसंच, जन्म १८९०, मॅरियन. फॉर्म ३०ए टोरांटोवालींनी दोन दिवसांत काढून दिला, जवळचा नातेवाईक आई, गाव लायनल, क्रॉफ्टचा नंबर. ऑन्टारिओच्या बाईंच्या आजोबांची, म्हणजे मॅरियनच्या भावाची, जन्मनोंद उघडली, १९०१, आणि दोन्ही पानं स्क्रीनवर शेजारी ठेवली. आईबापाच्या लग्नाची तारीख तीच, ठिकाण तेच. मी ती तारीख मोठ्यानं वाचली आणि सासऱ्यांनी पुन्हा वाचायला लावली. मॅरियनच्या बापाच्या, मर्डोच्या, मृत्यूनोंदीतून तिचे आजोबाही मिळाले, जॉन.

ऑन्टारिओच्या बाईंना मी ट्रीऐवजी टोपणनाव आणि जुने फोटो विचारले. टोपणनाव त्यांना माहीत नव्हतं. फोटो मात्र आला, आजोबांच्या पेटीत होता. तीन मुली, गळ्यापासून घोट्यापर्यंत जाड एप्रन, मासे साफ करणाऱ्या तिघींचाच चमू असायचा म्हणे, दोघी सुरीवाल्या आणि एक पिंपात रचणारी. मागे पेन्सिलनं यारमथ. मधलीच्या सगळ्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. सासऱ्यांनी भिंग घेतलं, तोंडावर फिरवलंच नाही, आधी हातांवर.

जुनीपानं:
ताई, वाचून डोळे भरून आले. आता एक काम लगेच करा, सासऱ्यांना जे जे आठवतंय ते फोनवर रेकॉर्ड करा. नोंदी सरकारकडे राहतील, यांची आठवण फक्त यांच्याकडे आहे. आणि ती आजी जे रोज पुटपुटायची ते त्यांना येतं का विचारा.

कोयनाकाठ:
येतं! अर्थ एका शब्दाचा माहीत नाही पण चाल आणि आवाज जसाच्या तसा, मी इतकी वर्षं घरात आहे, कधी ऐकलं नव्हतं. वीस सेकंदांची क्लिप नेसच्या मंडळींना पाठवली, आज उत्तर आलं. सुरुवातीचे शब्द त्यांना नीट लागले नाहीत, साठ वर्षांत झिजलेत. पण मागची सगळी नावं आहेत. मोराग, मर्डोची मुलगी, तो जॉनचा, तो मॅल्कमचा. स्लोनियग. ती स्वतःचं माहेर म्हणत होती. मर्डो आणि जॉन आमच्या कागदांत आहेत, मॅल्कम कुठेच नाही. तो आता कसा शोधू?

जुनीपानं:
जॉन १८५५ नंतर वारला असेल तर त्याच्या मृत्यूनोंदीत बापाचं नाव असलंच पाहिजे, आधी ते पान. मग १८४१ ची जनगणना, लायनल गाव. त्यात कोण कुणाचं काय लागतं ते लिहीत नाहीत, आणि पंधराच्या वरचं वय साधारण खालच्या पाचावर आणून लिहिलेलं असतं, तेव्हा जॉन एकवीस-बावीसचा असेल तर वीस लिहिलेला शोधा. त्याच घरात मॅल्कम दिसला तर इथे कळवा.