मदत हवी आहे: एनएफटीमधलं लेट्यूस दुपारी माना टाकतंय, मुळं तपकिरी

गच्चीकर: लोकहो, जरा तातडीने सांगा. गच्चीवर एनएफटी केलंय, म्हणजे मातीशिवाय, पाइपातून खतपाण्याची पातळ धार फिरवून. चार इंची पीव्हीसीचे तीन-तीन मीटरचे चार पाइप, 80 रोपं, लेट्यूस आणि पालक. दुपारी माना टाकायची पण संध्याकाळी उठायची. आता उठतच नाहीत. मुळं तपकिरी, बुळबुळीत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 900, पीएच बरोबर, ए-बी खत (दोन भागांतलं विद्राव्य खत) वेळेवर. कोणतं औषध टाकू एवढंच सांगा.

वाफसा: गाव कुठलं? टाकी किती लिटरची आणि कुठे ठेवलीय? पाणी बोअरचं की नळाचं? पंप सतत की टायमरवर? आणि 'पीएच बरोबर' म्हणजे किती? औषधाचं नंतर बघू.

डब्यातली_भाजी: घरी एनएफटी करूच नये, वीज गेली की खेळ खलास. क्रॅटकी करा, म्हणजे पंपाशिवाय, डब्यातल्या स्थिर खतपाण्यात. रोपामागे चार-पाच लिटरचा डबा, बाहेरून काळा रंग आणि त्यावर पांढरा. पाणी उतरत जातं तशी वरची मुळं हवेत राहतात. पुन्हा काठोकाठ भरायचं नाही, नाहीतर तीच मुळं गुदमरतात.

वाफसा: आणि नेटपॉटच्या (रोपाच्या जाळीदार कुंडीच्या) फटीतून डास शिरले की? शिवाय उन्हात डब्यातलं पाणीही तापतंच. आजार तोच, भांडं फक्त वेगळं.

तंतुमूळ: एक मूळ चिमटीत धरून हळूच ओढा. वरची साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला तर पिथियम (मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग) समजा. साल घट्ट असेल तर तो रंग ह्युमिकचाही (गडद रंगाच्या सेंद्रिय खताचा) असू शकतो.

गच्चीकर: साल सुटतेय. गाव नाशिक. टाकी 40 लिटर, काळी, पाइपांशेजारीच, म्हणजे उन्हातच. पाणी बोअरचं, त्याचाच टीडीएस 450. पंप 15 मिनिटं चालू, 45 बंद. पीएच 7.2. दुपारी दोनला पाणी 34 अंश भरलं. पण तापमानाचा इथे काय संबंध?

तंतुमूळ: सगळा संबंध त्याचाच आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 34 ला जेमतेम 7. उष्णतेत मुळांना लागतो मात्र जास्त, आणि पिथियमला अशी ऊब मानवते. पालक तर त्याला फार लवकर बळी पडतो. पाणी 25 च्या खाली आणल्याशिवाय कुठलंच औषध पुरणार नाही.

पॉलीहाउसवाला: 80 रोपांना 40 लिटर म्हणजे चेष्टा आहे. उन्हाळ्यात मोठं लेट्यूस दिवसाला पाव लिटरच्या आसपास पितं, म्हणजे संध्याकाळपर्यंत निम्मी टाकी रिकामी. पाणी जातं, क्षार मागे राहतात, ईसी (पाण्याची वीजवाहकता, म्हणजेच क्षारांचं माप) चढतो. रोपामागे किमान दोन लिटर धरा, म्हणजे 160. आमच्याकडे टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात, त्या उगाच नाही. आणि टायमर काढा, पंप सतत चालवा.

वाफसा: सतत कशाला? तापलेल्या पाइपातून दिवसभर पाणी फिरवलं तर तो सोलर हीटरच झाला, टाकी आणखी तापेल.

पॉलीहाउसवाला: आणि 45 मिनिटं बंद ठेवून मुळं कोरडी मारायची? आधी 50 टक्क्यांची शेडनेट, पाइपांना पांढरा रंग, टाकी सावलीत आणि भोवती थर्मोकोल. मग सतत. धार मोजा: प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी 30 सेकंदांत अर्धा ते एक लिटर पडलं पाहिजे. उतार मीटरला अडीच सेंटीमीटर, म्हणजे तीन मीटरला साडेसात. मध्ये पाइपाला झोळ आला असेल तर तिथेच पाणी साचून कुजतं.

गच्चीकर: बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर?

तंतुमूळ: 40 लिटर 34 वरून 24 ला आणायला चार किलोच्या आसपास बर्फ लागेल. टाकी उन्हातच राहिली तर पाणी पुन्हा तापणार, परत तेवढाच बर्फ. सावली फुकट आहे.

मका_चारा: हायड्रोपोनिक मक्याचा चारा करा, 1 किलो बियाण्याचा आठ दिवसांत 5-6 किलो होतो. गाई किती?

वाफसा: वाढलेलं वजन पाण्याचं असतं. शुष्क पदार्थ बियाण्यापेक्षा कमीच भरतो. आणि गाय गच्चीवर चढवायची कशी, तेही सांगा.

डब्यातली_भाजी: ट्रायकोडर्मा (रोगाशी लढणारी उपयोगी बुरशी) टाका, वर हायड्रोजन पेरॉक्साइड.

तंतुमूळ: एकत्र नको हो! पेरॉक्साइड ट्रायकोडर्मालाही मारतं. साल सुटलेली रोपं काढून टाका, त्यांचं काही होणार नाही. टाकी-पाइप ब्रशने घासा. 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीच) लिटरला 10 मिली घेऊन अर्धा तास फिरवा, मग साध्या पाण्याने तीनदा धुवा. ट्रायकोडर्मा नव्या रोपांना, नव्या पाण्यात. पीएच फॉस्फोरिक अ‍ॅसिडने 6 वर आणा. आधी पातळ करा, पण अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. बोअरमधल्या बायकार्बोनेटमुळे तो परत चढेल, रोज बघत राहा.

वाफसा: 900 पैकी 450 बोअरचेच, म्हणजे रोपाला खत निम्मंच मिळतंय. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी अर्धंअर्धं मिसळा. आणि पावसाळ्यापर्यंत लेट्यूस सोडाच, तुळस किंवा लाल माठ लावा. मीटर 0.5 च्या स्केलचा की 0.7 च्या, म्हणजे ईसीला कितीने गुणून टीडीएस दाखवतो? 900 म्हणजे पहिल्यात ईसी 1.8, दुसऱ्यात 1.3.

गच्चीकर: मीटरवर तसं काही लिहिलेलं नाही.

वाफसा: दोन लिटर डिस्टिल्ड पाण्यात 1 ग्रॅम मीठ नीट विरघळवा आणि मीटर बुडवा. 500 च्या आसपास दाखवला तर 0.5 चा, 700 कडे गेला तर 0.7 चा. आकडा इथे टाका, मग खताचं बोलू.