ऑफिसच्या कॉम्प्युटरला साधं ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यावं? मदरबोर्डच्या एचडीएमआयवर काहीच दिसत नाही

हिशेबनीस_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरला गंजगोलाईजवळ आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. मी आणि दोन मुली, तीन कॉम्प्युटर. पक्षकार बहुतेक डाळमिलवाले आणि आडतवाले.

सोमवारी टॅली उघडलेली असतानाच माझ्या स्क्रीनवर उभ्या हिरव्या रेघा आल्या आणि मग सगळं काळं झालं. मशीन मात्र चालू होतं, कारण शेजारच्या कॉम्प्युटरवरून माझ्या मशीनवरचा टॅलीचा डेटा उघडत होता. कॅबिनेट उघडलं तर ग्राफिक्स कार्डाचा पंखा जाम झालेला. मशीन बंद करून बोटानं फिरवून पाहिला, अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. पात्यांच्या मुळाशी धूळ बसून अगदी नमद्यासारखी घट्ट झाली आहे.

मदरबोर्डच्या मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही आहेत. त्यांच्यावर प्लास्टिकच्या टोप्या होत्या. त्या काढून तिथे केबल लावली, तर ‘नो सिग्नल’. म्हणजे मदरबोर्डही गेला का?

मशीन असं आहे: प्रोसेसर आय५-१०४००एफ, एच४१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, एसएसडी, बारीक उभं कॅबिनेट. मॉनिटर दोन. एक नवा २२ इंची, दुसरा जुना साडेअठरा इंची, त्याला फक्त व्हीजीए आहे. एकावर जीएसटीचं पोर्टल, दुसऱ्यावर टॅली, एवढंच माझं काम. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही.

एक दुकानदार म्हणतो चार जीबीचं जीटी ७३० घ्या, दुसरा म्हणतो जीटी १०३०च घ्या. बजेट पाच हजार, ताणून सहा. आकडे स्वच्छ दिसले पाहिजेत, ही माझी खरी अट. नव्या मॉनिटरवरसुद्धा अक्षरांना लव फुटल्यासारखी दिसते आणि संध्याकाळी ३ आणि ८ मध्ये गल्लत होते. २० तारखेच्या आत सगळ्यांचे जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचे आहेत, म्हणून जरा घाई आहे.

पिक्सेल_कोल्हापूर

ताई, सहा हजारांत जुनं जीटीएक्स १६५० बघा. माझ्याकडे दोन वर्षं आहे, एकदा पण त्रास नाही. पुढची पाच वर्षं बघायला नको.

दुरुस्तीवाला_सांगली

ताई, कार्ड घ्यायच्या आधी थांबा. तुमचा मदरबोर्ड बहुतेक ठणठणीत आहे. कारण तुम्हीच लिहिलंय: १०४००एफ. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी एफ लागला की त्यातला चित्र काढणारा भाग बंद असतो. मदरबोर्डवरची व्हीजीए आणि एचडीएमआय ही नुसती दारं आहेत, आत कोणी असेल तर बाहेर येणार ना. म्हणूनच त्यांच्यावर टोप्या होत्या.

मी बावीस वर्षं मशीन दुरुस्त करतोय. एफवाला प्रोसेसर जरा स्वस्त पडतो म्हणून असेंबल करणारे तो घालतात आणि जोडीला एक साधं कार्ड लावून देतात. गेमिंगवाल्याला ते योग्य आहे, त्याला कार्ड लागणारच असतं. पण हिशेबाच्या मशीनमध्ये एफ घालणं मला मनापासून पटत नाही. एक पंखा अडकला की अख्खं मशीन आंधळं, आणि तेही तारखेच्या तोंडावर.

म्हणून माझं मत असं की कार्ड घेऊच नका, प्रोसेसर बदलून घ्या. एफ नसलेला आय५-१०४०० शोधा. २०२० चाच, सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, सॉकेटही तोच एलजीए १२००. फरक इतकाच की त्यात यूएचडी ६३० ग्राफिक्स चालू असतं. तुमचे दोन्ही मॉनिटर त्यावर आरामात चालतील, जुना व्हीजीएवर, नवा एचडीएमआयवर. तुमचा एफवाला परत घेऊन वरचे पैसे लावणारा दुकानदार लातुरातच मिळेल. फक्त हे काम घरी करू नका. त्या सॉकेटमध्ये केसासारख्या पिना असतात, एक वाकली तरी बोर्ड जातो.

बदलायच्या आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. लायसन्सचा सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल हाताशी ठेवा. पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगितलं तर काम अडायला नको.

हे ग्राफिक्स तुमच्या रॅममधूनच वाटा घेतं. तेव्हा जमलं तर ८ जीबीची दुसरी पट्टी टाका. दोन पट्ट्यांवर ते चांगलं चालतं, आणि टॅली, ब्राउझर, एक्सेल एकदम उघडे असले तरी मशीन दमत नाही.

आता अक्षरांच्या लवेबद्दल. नवा मॉनिटर कोणत्या केबलवर आहे ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी जुनी निळ्या टोकाची केबल तशीच नव्या मॉनिटरला लावून देतात. व्हीजीएतून चित्र अॅनालॉग जातं, त्यामुळे कडा विरघळतात. नव्याला एचडीएमआय लावा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० × १०८० ठेवा. साडेअठरा इंची बहुधा १३६६ × ७६८ चा असेल, त्याला तेच रिझोल्यूशन द्या. मग विंडोजच्या सर्चमध्ये ‘क्लिअरटाइप’ टाइप करून अक्षरं स्पष्ट करायची ती पाच पानं पूर्ण करा, प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळी. तुमच्या ३ आणि ८ चं निम्मं दुखणं इथेच बरं होईल.

प्रोसेसर नाहीच मिळाला, तर कार्डाचं सांगतो. जीबीकडे बघू नका. १९२० × १०८० चा एक पूर्ण स्क्रीन म्हणजे साधारण आठ एमबी. दोन मॉनिटरवर टॅली आणि पोर्टल दाखवायला चार जीबीचं काय काम? आणि जीटी ७३० या एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली गेलीत. काही फर्मी चिपची, ९६ कोअरची, त्यांचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, २०१८ ला थांबले. काही केप्लरची, ३८४ कोअरची, त्यांचे २०२१ ला. डब्यावर दोन्हीकडे ७३०च.

जीटी १०३० त्यापेक्षा बरं. २०१७ चं आहे, ३० वॉट खातं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, पंखा नसलेलंही मिळतं. तुमच्या धुळीला पंखा नसलेलंच बरं. पण त्याला व्हीजीए नसतं, जुन्या मॉनिटरसाठी कन्व्हर्टर लागेल. शिवाय तुमचं कॅबिनेट बारीक आहे, तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड आणि त्याची अर्ध्या उंचीची पत्र्याची पट्टी डब्यात आहे का, हे पैसे द्यायच्या आधी बघा.

कोल्हापूरच्या मित्रानं सुचवलेलं १६५० चांगलं कार्ड आहे. पण ते ७५ वॉटचं, म्हणजे स्लॉट देऊ शकतो तेवढं सगळं ते घेणार. काही मॉडेलांना त्याशिवाय वेगळी पॉवर केबल लागते. बारीक कॅबिनेटच्या छोट्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मी ते लावणार नाही.

डीटीपी_नाशिक

सांगलीच्या दादांशी सहमत. एक भर घालतो. पुढे कधी तीन मॉनिटर लावायचे ठरले तर टी४०० हे कार्ड बघा. तेही ३० वॉट, लो प्रोफाइल. आमच्या पानं लावायच्या मशीनवर तेच आहे. पण त्याला तिन्ही मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत. आम्ही कार्ड आणलं आणि केबल नाही म्हणून दोन दिवस ते टेबलावर पडून होतं. कोणतंही कार्ड आणायला जाताना दोन्ही मॉनिटरच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.

हिशेबनीस_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काम झालं.

दोन दुकानांत ‘असं कोणी करत नाही, कार्डच घ्या’ म्हणाले. तिसऱ्यानं माझा एफवाला ठेवून घेतला आणि सोळाशे रुपये वर घेऊन १०४०० बसवून दिला, माझ्यासमोर, नवी पेस्ट लावून. रॅमची पट्टी वेगळी घेतली. सगळं मिळून बजेटच्या आतच झालं. कार्ड काढून टाकलं. टॅलीनं एकदा ॲक्टिव्हेशन मागितलं, सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होता म्हणून पाच मिनिटांत झालं.

आणि दादा, नवा मॉनिटर खरंच निळ्या केबलवर होता! एचडीएमआयची केबल मॉनिटरच्या खोक्यात पिशवीसकट तशीच होती. वर्षभर मी त्या लव फुटलेल्या आकड्यांकडे बघत होते. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले होते. काल संध्याकाळी एका मिलची खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २बीशी ताडून पाहिली, दीडशे बिलं, एकदाही स्क्रीनजवळ मान न्यावी लागली नाही.

कार्ड निघाल्यावर मागे उभी फट राहिली होती. दुकानदार तशीच ठेवत होता. मी पत्र्याची पट्टी मागून बसवून घेतली, नाहीतर गोलाईची सगळी धूळ तिथूनच आत. आता दोन्ही मुलींच्या मशीनचे प्रोसेसर नावासकट लिहून काढते. एकाला एफ आहे असं वाटतंय, उद्या उघडून बघते आणि इथेच कळवते.