पेरूवर मिलीबग आलाय, त्यातच मोठे पांढरे किडे पळायलेत, फवारू का थांबू?

चिकोडी_पेरू:
नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यात आमचा एकरभर पेरू आहे, बांधाला लागून ऊस. पाऊस उघडल्यापासून मिलीबग (पिठ्या ढेकूण) लई वाढलाय, फळाच्या देठाशी, पानाच्या मागं, कोवळ्या शेंड्यावर कापूस चिकटल्यागत दिसतंय आणि खालची पानं चिकट्यानं काळी पडायलीत. दुकानदार म्हणतोय बुप्रोफेझिन मारा. पण ओढ्याकडच्या झाडांवर आता वेगळाच किडा दिसायलाय, पांढराच पण मिलीबगपेक्षा बराच मोठा, अंगावर लांब लांब दोरे आणि हात लावला की पळतोय. वडील म्हणतात ही मिलीबगचीच मोठी जात, आधी हिला मारा. सोमवारी फवारायला माणूस सांगून ठेवलाय, काय करू सांगा.

अथणी_द्राक्षबाग:
भाऊ सोमवारची फवारणी थांबवा!! पळणारा तो मिलीबग नव्हे, मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंग्याची अळी असणार. दिसायला अगदी मिलीबगसारखीच, अंगावर तसंच पांढरं मेण, त्यामुळं आमच्याकडं द्राक्षातसुद्धा लोक तिलाच मारत सुटतात. खात्री करायची असली तर एक अळी ब्रशनं उचलून काचेच्या बाटलीत मिलीबगच्या पानासोबत ठेवा, तोंडाला फडकं बांधा, रात्रीत काय खाल्लंय ते सकाळी दिसेल. झाडावर नीट बघितलं तर मोठा भुंगापण सापडंल, साधारण ४ मिमी, पाठ काळी, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या देशात १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी आणला आणि इथंच रुळला. आता द्राक्ष, पेरू, सीताफळ सगळीकडं चालतो. मादी अंडी घालते ती मिलीबगच्या कापसातच, म्हणजे पिल्लू बाहेर पडलं की समोर ताट वाढलेलंच.

निपाणीकर:
अथणीच्या अण्णांशी सहमत. बुप्रोफेझिनबद्दल एक सांगतो, ते औषध किडीला कात टाकू देत नाही, म्हणून मिलीबगची पिल्लं मरतात हे खरं, पण क्रिप्टोलेमसच्या अळीलापण कात टाकावीच लागते की! मोठा भुंगा वरवर बरा दिसतो, त्याची पुढची पिढी मात्र उभी राहत नाही, आणि हे लगेच डोळ्याला दिसत नसल्यामुळं शेतकऱ्याला वाटतं औषध सेफ आहे. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तर नकोच. आणि मुंग्या बघितल्या का तुम्ही? माझ्या मते निम्मं काम तिथंच आहे. मिलीबगचा गोड चिकटा खायला मुंग्या चढतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात, भुंगा आला की हाकलतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, बुंध्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा (सालीवर थेट नको), शेजारच्या झाडात गुंतलेल्या फांद्यापण सोडवा नाहीतर तिकडून चढतात.

रायबाग_शेती:
हे सगळं ऐकायला चांगलंय वो, पण फळ मार्केटला न्यायचंय त्यानं काय करायचं? चिकट काळा पेरू कोण घेतंय? भुंगे खाईपर्यंत तोडा निघून जाणार.

निपाणीकर:
प्रश्न बरोबर आहे दादा. म्हणून सगळी बाग एका मापानं मोजू नका. जिथं अळी दिसतेय ती झाडं सोडून द्या. बाकीच्या झाडांचे फार भरलेले शेंडे तोडून बागेबाहेर न्या आणि फिश ऑइल रोझिन सोप लिटरला २५ ग्रॅम, पानाच्या मागून नीट भिजंल असं मारा. साबण अंगावर पडंल तेवढ्यालाच मारतो, मागं विष ठेवत नाही, त्यामुळं नंतर भुंगे सोडता येतात. व्हर्टिसिलियम (किडीला मारणारी बुरशी) मारायचं असलं तर संध्याकाळी, हवेत ओल असताना, आणि त्याच्या आगंमागं बुरशीनाशक नको कारण तीपण बुरशीच आहे.

कृष्णाकाठ:
पोरांनो, उसावरचा लोकरी मावा आठवतोय का? २००२ ला सांगलीकडं दिसला आणि त्याच साली आपल्या बेळगाव, बागलकोट भागात ऊस पांढरा झाला. पाल्यात शिरलं की कपडे चिकट व्हायचे. फवारायचं म्हटलं तरी उंच उसात माणूस शिरणार कसा? शेवटी मावा आवरला तो डिफा नावाच्या अळीनं आणि मायक्रोमस नावाच्या किड्यानं, दोघंपण मावा खाणारे. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं त्यावर काम केलं. डिफा असलेली पानं एका फडातनं तोडून दुसऱ्या फडात अडकवायची, एवढंच. ज्या फडात औषध पडलेलं नव्हतं तिथंच ही मित्रकीड सापडायची, हे ध्यानात ठेवा. म्हणून म्हणतो ओढ्याकडची झाडं जपा, तेच तुमचं बियाणं.

काकती_पॉलीहाऊस:
काकांचं पटलं. आमच्याकडं ढोबळी मिरचीत मात्र उलटं आहे, नेटमुळं मित्रकीटक बाहेरनं आपोआप येत नाहीत, लाल कोळीवर परभक्षी कोळी आणून सोडावा लागतो आणि तोपण किडी कमी असतानाच. लाल कोळीनं पानावर जाळी धरल्यावर सोडून उपयोग नाही.

चिकोडी_पेरू:
सगळ्यांचे आभार. बाटलीत ठेवून बघितलं, सकाळी पानावरचे मिलीबग खल्लास, नुसती सालपटं राहिलीत! वडिलांनी स्वतः बघितलं आणि माणसाला फोन करून नको सांगितलं. आता ओढ्याकडच्या फांद्या तोडून दुसऱ्या झाडांवर अडकवल्या तर चालतील का, का विकत आणावे लागतील?

अथणी_द्राक्षबाग:
दोन्ही करा. अळी असलेले शेंडे मिलीबग भरपूर असलेल्या झाडांवर बांधा, पण साबण मारल्यावर चार दिवस जाऊ द्या आणि मुंग्यांची पट्टी आधी लावा. विकतचे सोडायचे झाले तर लागण बघून झाडाला १० ते २० भुंगे, ऊन उतरल्यावर. मत्तीकोप्प किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात विचारा, बेंगळुरूला एनबीएआयआर ही शेतीतल्या किडींवर काम करणारी सरकारी संस्था आहेच. लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवून त्यावर भुंगे तयार करतात, त्यामुळं आज मागितले आणि उद्या मिळाले असं होत नाही, आधी फोन करून नंबर लावा. आणि शेजारच्या उसात तणनाशक, कीटकनाशक मारणार असतील तर वारं कुठलं आहे ते बघायला सांगा त्यांना.