मदत हवी आहे: प्राध्यापक डिजिटल साधनं मनापासून कधी वापरतात?

नमस्कार मंडळी. मी नेरुळला पदवीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. पीएचडीचा विषय वर दिलाच आहे.

लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात यावरच्या संशोधक फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या मांडणीप्रमाणे साधन उपयोगी आणि सोपं वाटलं की माणूस ते स्वीकारतो. माणसाला प्रेरणा कशातून मिळते याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन यांचा भर स्वायत्तता, 'मला जमतंय' ही भावना आणि आपलेपणा यांवर आहे. मला हे जास्त पटतं. आमच्या एका ज्येष्ठ मॅडमना सक्तीच्या प्रशिक्षणाचा अगदी वैताग यायचा. पण गूगल फॉर्मवरच्या छोट्या चाचणीत घसाऱ्याच्या गणितात मुलं नेमकी कुठल्या पायरीवर अडतात हे दिसलं, आणि आता त्या दर धड्याला स्वतःच चाचणी बनवतात. कोणी सांगावं लागत नाही!

अडलंय ते असं: नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फाइलसाठी केलेला वापर आणि मनापासूनचा वापर प्रश्नावलीत वेगळा कसा काढायचा? थेट विचारलं तर सगळे छानच उत्तर देतात.

ठाणे ते पनवेल पट्ट्यात कॉलेजात शिकवणारं कोणी अर्धा तास बोलायला तयार असेल तर कृपया मेसेज करा. वाशी, ऐरोली, ठाणे, कुठेही येईन. नाव गुप्त राहील. तंत्रज्ञान मुद्दाम टाळणारेही हवे आहेत, त्यांची कारणं मला खरंच ऐकायची आहेत.