टाइप १ मधुमेह: ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, कोलेस्टेरॉलची गोळी लागेल का?

शेवगा:
मुलगी १६ वर्षांची, टाइप १. रात्री ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन), जेवणाआधी लिस्प्रो (झटपट काम करणारं इन्सुलिन). १२ तास उपाशी राहून केलेला रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४६, एलडीएल (वाईट) १३०. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.८. वजन बेताचंच. तूप बंद करू की गोळीचं विचारू? त्या दिवशी पहाटे शुगर ६२ झाली होती, तेही कसं टाळायचं?

पेन_सुई:
तुपाचं नंतर बघू. आधी ९.८ कडे बघा. रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम इन्सुलिनवर चालतं. इन्सुलिन कमी पडलं की ते मंदावतं. त्यात चरबीच्या पेशींतून सुटलेली फॅटी अ‍ॅसिड यकृतात जातात आणि यकृत त्यांचं व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणारे कण) करून परत रक्तात सोडतं. म्हणून ट्रायग्लिसराइड चढतं. किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (इन्सुलिनअभावी रक्त आम्लीय होतं त्यात) ते हजारावर जाऊन स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते.

तेव्हा इन्सुलिन अंगी का लागत नाही ते शोधा. सुई टोचायच्या जागेवरून बोटं सपाट फिरवा. रबरासारखी जाडसर गाठ लागली तर तिथे टोचणं थांबवा, पण डॉक्टरांना विचारून. नव्या जागेतून औषध जास्त शोषलं जातं, डोस तोच ठेवला तर शुगर एकदम पडते. या वयात वजन वाढेल म्हणून मुली डोस गाळतात, हेही न रागावता विचारा.

सेंट्रिफ्यूज:
हा एलडीएल बहुधा मोजलेला नाही, सूत्राने काढलेला आहे: २२८ − ४६ − (२६० ÷ ५) = १३०. ट्रायग्लिसराइड जितकं जास्त तितकं हे सूत्र लटकं, ४०० च्या वर तर वापरूच नये. त्यापेक्षा नॉन-एचडीएल (एचडीएल सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल) बघा: २२८ − ४६ = १८२. ते १३० च्या आत हवं.

उपाशी राहायची गरजच नव्हती. खाऊनपिऊन रक्त द्या, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तरच उपाशीपोटी पुन्हा. उपास असला तरी ग्लार्जिन चुकवायचं नाही. पण त्याचा डोस बरोबर असेल तर नुसतं न जेवल्याने शुगर ६२ वर यायला नको, तेव्हा हा आकडा डॉक्टरांना जरूर सांगा. ७० च्या खाली गेली की ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. रक्त द्यायचंय म्हणून थांबू नका.

कढीलिंब:
टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलंय का? टाइप १ मध्ये थायरॉइडचा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तसा) आजार बराच आढळतो. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं आणि तसंच ठेवून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) दिलं तर स्नायू दुखायची शक्यता वाढते. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करा. ते ३० च्या वर राहिलं तर किडनीचा प्रश्न, आणि त्यानेही लिपिड (रक्तातल्या चरबीचे आकडे) बिघडतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा पाळीसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी ट्रायग्लिसराइड वाढतं.

शेवगा:
टीएसएच दोन वर्षांत नाही केलं. मग गोळी?

पेन_सुई:
आत्ता घाई नको. शुगर सावरू द्या, तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा. आहार आणि इन्सुलिन नीट ठेवून सहा महिन्यांनीही एलडीएल १६० च्या वर असेल, किंवा १३० च्या वर असून घरात लवकर हृदयविकार, रक्तदाब असं काही असेल, तर दहा वर्षांपुढच्या मुलांत स्टॅटिनचा विचार होतो. मुलगी आहे, म्हणून गर्भारपणात हे औषध सहसा बंद ठेवतात हे तिलाही आधी सांगायला हवं.

कढीलिंब:
आणि तूप अगदी निर्दोष नाही हो. चहाच्या एका चमच्यात ५ ग्रॅम चरबी, त्यातली ३ च्या आसपास संपृक्त, आणि ती एलडीएल वाढवते. दिवसाला एक चमचा ठेवा, बाकी फोडणीला शेंगदाणा तेल. कीटोच्या (अगदी कमी कर्बोदकं, जास्त चरबी अशा आहाराच्या) नादी मात्र लागू नका: तूप, चीज, लोणी वाढतं, शुगर सुधारलेली दिसते आणि एलडीएल मागून चढतं. शिवाय टाइप १ मध्ये किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढायचा धोका वेगळाच.